शांता कॅरीकर आणि रविवारचा योगा

जिथे माणसं बोलतात तिथे किस्से साचणारच. ऑफिसात साचतात, लग्नघरात साचतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर ढिगानं साचतात. पण मी दर रविवारी जिथे जाते तिथे तीस-पस्तीस माणसं तासभर तोंडातून चकार शब्द न काढता बसतात, आणि तरी दोन वर्षांत माझ्याकडे इतके किस्से जमले की शेवटी ब्लॉग काढावा लागला. एकदा ब्लॉग काढला म्हटल्यावर त्या ब्लॉगचेही किस्से व्हायला लागले. आता बोला!

आधी माझी ओळख करून देते. मी केतकी, मूळची सांगलीची. सध्या नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहते आणि एका औषध कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. म्हणजे काय काय बिघडू शकेल याचा विचार करायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तोच विचार मी फुकट करते. मायक्रोवेव्ह वाजला तरी मी दचकते. माझी रूममेट ऋजुता नागपूरची. ती पूर्वी माझ्या खोलीत यायच्या आधी टकटक करायची. मी टकटकीनंच दचकते हे कळल्यावर आता ती हॉलपासूनच "मी येतेय, मीच आहे" असं बोलत बोलत येते.

माझी ही अवस्था बघून ऑफिसातल्या एकीनं सुचवलं, की रविवारी क्वेकर लोकांच्या मीटिंगला जाऊन बस, तिथे कुणी काही बोलत नाही. क्वेकर म्हटल्यावर ओट्सच्या डब्यावरचे टोपीवाले आजोबा डोळ्यांसमोर आणू नका, त्यांचा इथे काही संबंध नाही. ख्रिस्ती धर्मातून निघालेला हा एक जुना पंथ आहे. आमच्या मीटिंगमध्ये पुजारी नाही, मूर्ती नाही, गाणी नाहीत. सगळे गोल बसतात आणि गप्प राहतात. कुणाला अगदी आतून काही सांगावंसं वाटलं तर उठून सांगायचं, पुन्हा बसायचं. एवढंच.

ऋजुता म्हणाली, "पाच दिवस मीटिंगा करून तुझं पोट भरत नाही का यार?"

आणि आईला? आईला मी सांगितलं, रविवारी सकाळी योगा क्लास लावलाय.

*

पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं आधीच पोचले. साधी लाकडी खोली, वर पत्र्याचं छप्पर, बाकं गोल मांडलेली. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्यांचं नाव मार्गारेट, वय ब्याऐंशी, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, हे सगळं मला नंतर कळलं.

दहा वाजले. सव्वादहा झाले. कुणी हललं नाही. मला वाटलं, जे कोणी येऊन बोलणार आहेत त्यांना उशीर झालाय. साडेदहाला मला त्यांची काळजी वाटायला लागली. हायवेवर काही झालं असेल का? पावणेअकराला न राहवून मी मार्गारेटबाईंच्या कानाशी लागले आणि विचारलं, की ते अजून आले कसे नाहीत?

"कोण गं?"

"जे बोलणार आहेत ते."

त्यांनी जरा विचार केला आणि हळूच म्हणाल्या, "आम्ही सगळे त्यांचीच वाट बघतोय."

*

क्वेकर लोक कुणाला सर, मॅडम, डॉक्टर, काही म्हणत नाहीत. सगळे सारखे, म्हणून सगळ्यांना नुसतं नावानं हाक मारायची. तत्त्व म्हणून हे मला फार आवडलं. पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईला "ए मार्गारेट" म्हणायला सांगलीच्या मुलीची जीभ वळेल तर शपथ! (शपथही ते घेत नाहीत. एरवीही खरंच बोलायचं असतं, मग शपथ कशाला, असं त्यांचं म्हणणं.)

मनातल्या मनात मी त्यांना मार्गारेटआजी म्हणत होते. एकदा त्यांच्या हातून कप निसटताना मी दचकले आणि "आजी!" म्हणून ओरडले. झालं. आजी म्हणजे काय, हे सांगावं लागलं. त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. आपल्यात मोठेपणाचे किताब लावत नाहीत, म्हणाल्या, पण यावर मी जरा बसते. 'यावर बसते' म्हणजे शांत बसून विचार करते.

दोन रविवार त्या बसल्या. मी दोन आठवडे नीट झोपले नाही. तिसऱ्या रविवारी कॉफीचा कप घेऊन माझ्याकडे आल्या.

"मी विचार केला. आजी हा किताब नाही, ते काम आहे. मी करीन."

*

खरं बोलण्यावरून आठवलं. महिन्यातून एकदा मीटिंगनंतर सगळे आपापल्या घरून काहीतरी करून आणतात आणि एकत्र जेवतात. एकदा मी साबुदाण्याची खिचडी नेली. साबुदाणा जास्त भिजला होता, त्यामुळे खिचडी राहिली नव्हती, वीट झाली होती. तरी मी निर्धास्त होते. आपल्याकडे कुणाच्याही घरी काहीही वाढलं तरी "वा, छान झालंय हं" हे ठरलेलंच असतं.

वॉल्टरकाकांनी मोठा तुकडा घेतला. वॉल्टरकाका आमच्या मीटिंगचे क्लार्क. आपल्याकडे क्लार्क म्हणजे फायली सांभाळणारा, इथे क्लार्क म्हणजे मीटिंग चालवणारा. उंच, हाडकुळे, बोलण्याआधी इतका वेळ थांबतात की समोरच्याला वाटावं प्रश्न पोचलाच नाही. त्यांनी तो सावकाश चावून संपवला. मी विचारलं, कशी झालीय?

ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोटं बोलता येत नाही आणि मला दुखवायचंही नाही, अशी त्या भल्या माणसाची उलाघाल त्यांच्या गळ्याच्या घाटीवरून कळत होती.

शेवटी म्हणाले, "हे मी आजवर कधी खाल्लं नव्हतं. आता खाल्लं."

*

आता माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा घोळ. मीटिंग संपल्याची खूण म्हणजे क्लार्क शेजाऱ्याशी हात मिळवतो. मग सगळे आपापल्या शेजाऱ्याशी हात मिळवतात, 'गुड मॉर्निंग' म्हणतात, आणि मीटिंग संपते. घंटा नाही, घोषणा नाही.

ऑक्टोबरचे दिवस होते. मी वॉल्टरकाकांच्या शेजारी बसले होते. मीटिंग भरते त्या मीटिंग हाउसवर ओकची दोन जुनी झाडं वाकलेली आहेत, आणि त्यांची सुपारीएवढी टणक फळं त्या दिवसांत खाली पडतात. दहा वाजून अठरा मिनिटांनी एक फळ बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर पडलं. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मी दचकून जे हाताला लागलं ते घट्ट धरलं.

तो वॉल्टरकाकांचा हात होता.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे माझा हात हलवला. समोरच्या बाकावरच्यांनी ते पाहिलं. त्यांनी हात मिळवले. पलीकडच्यांनी मिळवले. अर्ध्या मिनिटात तीस माणसं एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणत होती. घड्याळाकडे एकानंही पाहिलं नाही. स्वयंपाकघरात कॉफी ठेवलेलीसुद्धा नव्हती!

मार्गारेटआजी चाळीस मिनिटं गाडी चालवून येतात. बाहेर पडताना त्या वॉल्टरकाकांना म्हणाल्या, आजची जरा छोटी झाली. काकांनी नेहमीसारखा वेळ घेतला.

"हो. पण केतकीला वाटलं, पुरे."

*

हे सगळं पोटात ठेवून मी फुटायची वेळ आली होती. ऋजुताला किती सांगणार? तीच म्हणाली, "लिही ना यार, मला ऑफिसला उशीर होतो." म्हणून ब्लॉग काढला. मराठीत, म्हणजे मीटिंगमधल्यांना वाचता येऊ नये. आणि टोपणनावानं, म्हणजे आईला कळू नये. नाव घेतलं 'शांता कॅरीकर'.

आईला का कळू नये? आमच्या घरी सोवळंओवळं फार नाही. पण आई रागावली की ओरडत नाही, जेवण टाकते. माझ्या मामेबहिणीनं रजिस्टर लग्न करायचं ठरवलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती, आणि ती तर भाची. इथे पोटची मुलगी सातासमुद्रापार जाऊन दुसऱ्याच धर्माच्या लोकांत दर रविवारी बसते, म्हटल्यावर काय झालं असतं? मी धर्म बदललेला नव्हता. गणपती बसवत होते, संकष्टीला मोबाइलवर चंद्र कधी उगवतो ते बघत होते. पण हे फोनवर समजावून सांगायचं म्हटलं की मी हवापाण्याचा विषय काढायचे.

आई दर शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. दर शनिवारी ती योगाची प्रगती विचारायची आणि मी आदल्या दिवशी इंटरनेटवर बघून ठेवलेली आसनांची नावं सांगायची. एका शनिवारी ती म्हणाली, वृक्षासन करून दाखव बघू. आता आली का पंचाईत! मी फोन टेबलाला टेकवला, एक पाय उचलला, हात वर जोडले आणि शेजारच्या दिव्याला घेऊन सोफ्यावर पडले.

आईनं आधी पडलेल्या दिव्याची चौकशी केली. मग म्हणाली, "इतके महिने झाले आणि एका पायावर उभं राहता येत नाही? मास्तर बदल."

*

ब्लॉगला हळूहळू वाचक मिळाले. कॅन्सस, पुणे, सिंगापूर, कुठून कुठून कॉमेंट यायला लागल्या. लोक मार्गारेटआजींची विचारपूस करायला लागले. आणि माझा जीव खालीवर. ज्या माणसांना एका खिचडीबद्दल खोटं बोलवत नाही, त्यांच्याबद्दल मी त्यांना न सांगता, खोट्या नावानं लिहीत होते. शेवटी एका रविवारी कॉफीच्या टेबलाशी मी वॉल्टरकाकांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, कारभाराच्या मीटिंगमध्ये ठेवू.

कारभाराची मीटिंग महिन्यातून एकदा असते. तिथे मतदान नसतं. सगळ्यांचं मन एका ठिकाणी येईपर्यंत थांबायचं. मीटिंग हाउसच्या दाराला कुठला रंग द्यायचा हे ठरायला सात महिने लागले होते, आणि शेवटी ठरला तो आधीचाच.

माझ्या ब्लॉगच्या वेळी कुणीतरी म्हणालं, आधी ऐकू तरी. म्हणून मी उभी राहून एक पोस्ट मराठीत वाचली. सहा मिनिटं तीस अमेरिकन माणसं एक अक्षर न कळता, डोळे मिटून, मनापासून ऐकत होती. वाचून झालं. मग वॉल्टरकाकांनी विचारलं, यात हसायचं कुठे होतं?

मी जागा सांगितल्या. तर म्हणाले, पुन्हा वाच, आणि त्या जागा आल्या की हात वर कर. मी पुन्हा वाचलं. तीनदा हात वर केला. तीनदा सगळी खोली हसली. मार्गारेटआजी सोडून.

"मला कळलं नाही," आजी म्हणाल्या. "मग हसू कशी?"

*

ब्लॉग लिहायला कुणाचीच हरकत नव्हती, आजींचीही नाही. त्यांचं अडलं होतं एकाच ठिकाणी. आमच्यावर काय हवं ते लिही, म्हणाल्या, पण स्वतःच्या नावानं लिही. एका माणसाचं मन तयार नसेल तर सगळे थांबतात. त्यामुळे सगळे थांबले.

अशा वेळी ते एक छोटी कमिटी नेमतात. तीन जण तुमच्याबरोबर बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायचा नाही, हा कडक नियम. माझ्यासाठी हे फार अवघड होतं. मी ज्या घरातून आलेय तिथे सल्ला न मागता मिळतो, आणि पोळीबरोबर वाढतात. इथे मी दीड तास वॉल्टरकाका, मार्गारेटआजी आणि आणखी एक बाई अशा तिघांपुढे अक्षरशः सल्ल्याची भीक मागत होते. मी विचारलं, नाव लिहू की नको? तर ते विचारणार, लिहिलंस तर काय होईल असं तुला वाटतं?

शेवटी आजींनी विचारलं, "कुणी वाचेल अशी भीती वाटते?"

"आई."

"तू इथे येतेस हे तिला माहीत आहे?"

मी मान हलवली. नाही. तिला वाटतं, मी रविवारी योगा क्लासला जाते.

तिसऱ्या बाई जमिनीकडे बघत होत्या. आजी माझ्याकडे बघत होत्या, रागानं नाही, गणित चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं. नियमाप्रमाणे आता प्रश्नच विचारायचा होता. वॉल्टरकाकांनी पुष्कळ वेळ घेतला.

"योगा कसा चाललाय?"

*

त्या रात्री मी ठरवलं, शनिवारी आईला सांगायचं. पण त्याआधी एक रविवार होता, आणि त्या रविवारी मार्गारेटआजी शांततेत मधेच उभ्या राहिल्या. कुणी उभं राहिलं की ते काही सांगणार असतं. या आता माझ्या योगाबद्दल बोलणार!

आजी बाकाला धरून उभ्या राहिल्या. मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग त्या खाली बसल्या. संपलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगणार होतात?

"मला वाटलं होतं, माझ्याकडे काहीतरी आहे. उभी राहिल्यावर कळलं, नाहीये."

*

शनिवारी सकाळी नऊला आईचा फोन आला. ऋजुता मुद्दाम बाहेर गेली होती, जाताना माझ्या पाठीवर थोपटून गेली होती, आणि मी त्यानंही दचकले होते. स्क्रीनवर आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती, चष्मा कपाळावर, मागे गॅसवर कुकर. योगाचं तिनं विचारायच्या आत मी सुरुवात केली आणि मग थांबताच येईना. योगा नाहीये, कधीच नव्हता. क्वेकर कोण, मीटिंग काय, मार्गारेटआजी, वॉल्टरकाका, ब्लॉग, शांता कॅरीकर. तोंड कोरडं पडेपर्यंत बोलले.

आईनं मधे फक्त तीन गोष्टी विचारल्या. धर्म बदललास का? नाही म्हटलं. ते लोक तुला काही करायला लावतात का? नाही. मग तिथे जाऊन करता काय?

"शांत बसतो," मी म्हणाले. "कुणाला अगदी आतून काही आलं तरच ते बोलतात."

"आणि नाही आलं तर?"

"तर नाही बोलत. तसेच बसतात."

आई हं म्हणाली. मी सगळा धीर गोळा केला आणि विचारलं, "आई, माझं नाव घालू का ब्लॉगवर? तुला चालेल ना?"

आईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला, मांडीवर ठेवला. मग ती हललीच नाही. मला वाटलं स्क्रीन अडकली. पण तिच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. म्हणजे फोन चालू होता, आईच थांबली होती. मी दोनदा "हॅलो" म्हटलं. तिनं डोळे मिटले. मला ते जेवण टाकलेले दोन दिवस आठवले.

कुकरची एक शिट्टी झाली. मी उडाले, आई नाही. दुसरी झाली. तिसरी झाली. आमच्या घरात तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद होतो. पाहुणे असोत, पाऊस असो, टीव्हीवर मॅचची शेवटची ओव्हर असो, आई उठते. आज ती उठली नाही. चौथी झाली, पाचवी झाली. आतून बाबा ओरडले, "अगं, कुकर!" सहावी झाली.

शेवटी बाबाच हातात पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते दोन्हीकडे करून पाहिलं आणि एकदाचा बंद केला. मग त्यांनी डोळे मिटून बसलेल्या आईकडे पाहिलं, स्क्रीनमध्ये रडवेल्या झालेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि घाबरून विचारलं, काय झालं, भांडलात का दोघी?

"अहो, बसा तुम्हीपण," आई डोळे न उघडता म्हणाली. "केतूनं मला काहीतरी विचारलंय. अजून आतून आलं नाहीये."